मुंबईला गेलेल्यासाठी

आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्राच्या काठावर एक घर आहे. त्या घरात संध्याकाळची प्रार्थना संपली की अगदी शेवटी केविन नावाच्या एका मुंबईकरासाठी देवाकडे काहीतरी मागितलं जातं. निदान माझी तशी समजूत आहे. हा केविन अस्तित्वात नाही. कधीच नव्हता. केविन म्हणजे मी. हे मी आईला सांगितलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या अंकलना तर मुळीच नाही. आता वय पन्नाशीकडे झुकलंय. गप्प बसण्याची सवय इतकी जुनी झाली की लोक तिला माझा स्वभाव समजतात. तो स्वभाव नव्हता. ती नुसती लपवाछपवी होती.

पण अंकलबद्दल आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर कळणार नाही.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शेवटची कोपऱ्याची खोली त्यांची. खिडकीतून रे रोडकडच्या लाकडाच्या वखारी दिसायच्या आणि त्यांच्यामागे गोदीतल्या क्रेनच्या माना. गोदीत ते टॅली क्लार्क होते, म्हणजे जहाजातून उतरणारा माल मोजून टिपणारे. मी कॉलेजात असताना ते निवृत्त झाले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मे महिन्यातही कोट घालून दूध आणायला जाणारा माणूस आमच्या अख्ख्या वस्तीत एकच होता.

रंगाने अंकल आमच्या मजल्यावर सगळ्यांत काळे. त्यांची आई वेंगुर्ल्याकडची, आजीही तिकडचीच, त्यामुळे राग आला, प्रेम आलं किंवा ठेच लागली की तोंडातून मालवणी बाहेर पडायची. आणि आडनाव आयरिश. गॅलहर. त्यांचे आजोबा ह्यू हे बोटीवरचे बॉयलर दुरुस्त करणारे आयरिश कारागीर. गोदीत कामाला आले आणि इथेच राहिले. इंग्रजीत लिहिताना त्या आडनावात मधे आणखी एक ‘जी’ येतो, तो उच्चारायचा नाही, असा अंकलचा दंडक होता. चाळीने तो कधीच पाळला नाही. कोळीण त्यांना सरळ ‘गल्लेकर’ म्हणायची आणि रेशनकार्डावरही कुणीतरी तेच चढवून ठेवलं होतं. त्यावर अंकल चिडले नाहीत. म्हणाले, “तिकडे आमचेच लोक हे नाव डझनभर तऱ्हांनी लिहितात. त्यात ही आणखी एक.”

दुसऱ्यांच्या आडनावांचं मात्र त्यांना भारी कौतुक. नळावर नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न आडनावाचा. मग तिथल्या तिथे निकाल. “लोखंडे? म्हणजे घरात कुणीतरी भाता चालवलाय. सुतार? विचारायलाच नको.” चिपळूणकर नावाचे एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते, त्यांना अंकलनी तोंडावर सांगितलं, “हे आडनाव नव्हे, हा पत्ता झाला. पोस्टमनच्या सोयीसाठी ठेवलेला.” गृहस्थ जिना उतरेपर्यंत पुटपुटत होते.

स्वतःच्या आडनावावर तर ते तासभर बोलायचे. त्यातला पहिला अर्धा म्हणजे परका. दुसरा अर्धा म्हणजे मदत. पण परक्यांना केलेली मदत की परक्यांनी केलेली मदत, यावर तिकडचे पंडितही भांडतात म्हणे. अंकलनी हा वाद आपल्यापुरता मिटवला होता. शेजाऱ्याकडून गॅसचा सिलिंडर उसना आणायचा असेल तर परक्यांनी केलेली मदत, आणि कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असेल तर परक्यांना केलेली. त्या देशात आधी दक्षिणेकडच्या लोकांना परका म्हणत, मग उत्तरेकडून होड्या घेऊन आलेल्या लुटारूंना, मग इंग्रजाला. “परका बदलत राहिला, शब्द तोच राहिला,” असं सांगताना ते बोट वर करायचे. ज्या जिल्ह्यातून हे आडनाव उगवलं त्या डोनेगॉलच्या नावाचा अर्थच परक्यांचा किल्ला. तिथल्या राजाच्या घोडदळाचे सरदार म्हणजे हे गॅलहर. “आता घोडदळवाले मुंबईत आल्यावर घोडपदेवात नाही राहणार तर काय वाळकेश्वरात राहणार?” हा विनोद ते दर महिन्याला करायचे आणि दर महिन्याला स्वतःच आधी हसायचे.

पूर्वी आडनावाच्या आधी ‘ओ’ लागायचा. ओ म्हणजे नातू. “इंग्रजानं आमचा नातू खाल्लान,” म्हणायचे.

सकाळी गॅलरीत, खिळ्याला आरसा टांगून ते दाढी करायचे आणि फेस लावता लावता एक साखळी म्हणायचे: मी जोसेफचा, जोसेफ ह्यूचा, ह्यू कॉनलचा, ज्याच्या दारात उलटी होडी. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. कॉनल हे पणजोबा, आयर्लंडमध्येच जगले-वारले. त्यांच्या दारात एक उलटी केलेली होडी होती, एवढीच गोष्ट ह्यूने बरोबर आणली होती आणि ती मुलाला, मुलाने नातवाला दिली होती. आम्ही चाळीतली पोरं पाढे म्हणावेत तसं ते म्हणायचो. नक्कल करायचो खरं तर. अंकल गालावर वस्तरा तसाच धरून ओरडायचे, “मेल्यांनो, तुमच्या पणज्याचो नाव सांगा बघू!” आणि आम्ही पळायचो, कारण आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये त्यांच्या लोकांचा एक सण असतो. त्या दिवशी अंकल गॅलरीच्या कठड्याला हिरवं कापड बांधायचे आणि उकडलेले बटाटे, वर लोणी आणि मीठ, असे घरोघर द्यायचे. खालचे सावंतकाका दरवर्षी विचारायचे, “काय अंकल, यंदा कुठल्या पिराचा उरूस?” आणि दरवर्षी बशी परत करताना सावंतकाकू त्यात गरम बटाटेवडे घालून पाठवायच्या. बटाट्याच्या बाबतीत अंकल फार हळवे. सालाला लागलेला गरसुद्धा खरवडून खायचे. त्यांच्या लोकांचा देश बटाटा सडला म्हणून रिकामा झाला होता. कोंब आलेले बटाटे फेकवत नाहीत म्हणून रंगाच्या डब्यांत लावून ठेवायचे. पानं भरपूर यायची. खाली बटाटा कधी धरला नाही.

अशाच एका सणाच्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, “अंकल, तुमचे लोक आहेत का तिकडे अजून?” मी तेव्हा कॉलेजात. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. म्हणाले, “असतील. पण आमका त्यांनी पुसून टाकल्यानी. ह्यूनं काळ्या बायकोशी लग्न केल्यान, मग कोण इचारता?” मग एकदम शुद्ध मराठीत, गोदीतल्या साहेबाशी बोलल्यासारखं, “म्हणून मी हे नाव असं मोठ्याने घेतो. त्यांनी नाही घेतलं तर आपण घ्यावं.”

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता माझ्या आडनावाचं. आम्ही बौद्ध. वडील मिलमध्ये होते, संपानंतर फार जगले नाहीत. आईने दाराला पितळी पाटी लावली होती, तिच्यावर वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट. दर रविवारी ती चिंच लावून ती पाटी घासायची. मला त्या पाटीची लाज वाटायची. बी.कॉम. झाल्यावर गिरगावात एका छापखान्यात हिशेबनिसाच्या कामाला गेलो होतो. मालक गोड माणूस. माझे मार्क बघून खूश झाले, पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. मग सहज म्हणून आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “असं का, वा वा.” मग जरा वेळ टेबलावरचे कागद नीट केले, उठून दारातून जिन्याखाली पोऱ्याला काहीतरी सांगून आले. पोऱ्या परत आला तेव्हा त्याच्या हातात एकच चहा होता आणि तो मालकांचा होता. नोकरीचं नंतर कळवतो म्हणाले. मी जिना उतरताना नोकरीपेक्षा त्या चहाचाच विचार करत होतो.

त्याच संध्याकाळी अंकलनी गॅलरीच्या टोकावरून मला हाक मारली, आडनावाने, त्यांच्या खणखणीत आवाजात. त्यांना माझ्या आडनावाचा काहीतरी नवा अर्थ सापडला होता. मी जवळ गेलो आणि म्हटलं, “अंकल, माझं आडनाव असं मोठ्याने घेऊ नका.”

ते माझ्याकडे बघत राहिले. गोदीत त्यांनाही ‘काळा साहेब’ म्हणायचे, ते त्यांनीच सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी मला कधी आडनावाने हाक मारली नाही. ‘पोरा’ म्हणायला लागले. त्या अर्थाचंही राहूनच गेलं.

फोनवर इंग्रजी बोलायच्या नोकऱ्या तेव्हा नव्याने निघाल्या होत्या. अंकलनी मला तयार केलं. पाटावर बसवून, तोंडात सुपारी ठेवून बोलायला लावायचे. “शब्द चावू नको, गिळूही नको. बोटीवरून माल उतरवतात तसा एकेक खाली ठेव.” मी पास झालो. तिथे पहिल्या दिवशी आमच्या टीम लीडरने सांगितलं की ग्राहकांना आपली नावं जड जातात, प्रत्येकाने एक फोनवरचं नाव घ्या. पहिलं नाव तिनेच दिलं, केविन. “सरनेम तू ठरव,” म्हणाली, “इझी ठेव.”

सगळे काहीतरी स्मिथ, ब्राउन सांगत होते. माझ्या तोंडून एका क्षणात गॅलहर निघालं. कुणी विचारलं नाही, अडवलं नाही. अंकलनाही मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी चाळीतून निघताना त्यांच्या दारावरून जायचो. ते आतून विचारायचे, “काय पोरा, कसं चाललंय इंग्रजी?” मी म्हणायचो, “मस्त, अंकल.” आणि तासाभराने त्यांचं नाव लावून बसायचो. ते नाव लावल्यावर माझा आवाज बदलायचा. मी हसून बोलायचो. आई म्हणाली होती, तू घरी इतका का बोलत नाहीस? काय सांगणार.

आमच्याकडे ब्रिटन आणि आयर्लंडहून घरगुती मशिनींच्या तक्रारी यायच्या. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांचं कपडे धुण्याचं मशीन चालू केलं की स्वयंपाकघरभर फिरत होतं. “काल दारापर्यंत गेलं,” म्हणाल्या, “उद्या गावात जाईल.” मी मशिनीचे पाय कसे फिरवायचे ते सांगितलं. मशीन थांबलं. मग त्यांनी नाव विचारलं.

“केविन गॅलहर.”

“गॅलहर!” त्या हसल्या. आनंदाने हसल्या, हे मला नीट सांगायचं आहे. “मीही गॅलहरच. पण आमच्याकडे दगड मारला तर गॅलहरलाच लागतो, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. कुणाचा तू?”

कोकणात विचारतात ना, कोणाचो रे तू, अगदी तसं. नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं की त्या भागात हे आडनाव इतकं दाट आहे की रोजच्या बोलण्यात कुणी ते वापरतच नाही. माणूस, त्याचा बाप, त्याचा आजा, अशी नावांची माळ लावतात आणि तेच ओळखीला पुरतं. ज्या आडनावासाठी अंकल आयुष्यभर मान ताठ ठेवून चालले, ते तिथे बिनमोलाचं होतं. मोल होतं ते दाढीचा फेस लावताना म्हटल्या जाणाऱ्या साखळीचं.

आणि ती साखळी मला पाठ होती. मी विचार केला नाही. गंमत म्हणून म्हटलं, “जोसेफचा. जोसेफ ह्यूचा. ह्यू कॉनलचा, ज्याच्या दारात उलटी होडी.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “ती होडी अजून आहे. फळ्या बदलल्यात, पण होडी तीच. त्यात आमच्या कोंबड्या असतात.” आणि मग, “कॉनलचा ह्यू माझ्या आजोबांचा भाऊ. तो मुंबईला गेला. एकदा निरोप आला, मग काहीच नाही. आजी रोज माळ जपून झाल्यावर शेवटी म्हणायची, आणि मुंबईला गेलेल्यासाठी. मग आई म्हणायची. आता मी म्हणते. आम्हाला वाटायचं तो आमच्यावर रागावलाय.” त्या रडत होत्या. “तू त्याचा का रे?”

टीम लीडर समोरून बोटाने घड्याळ दाखवत होती. मी ‘नाही’ म्हणू शकत होतो. ‘एक मिनिट थांबा, खरा माणूस माझ्या चाळीत राहतो’ असं म्हणू शकत होतो. मी म्हटलं, “हो.”

“मग आता नाव घेऊन म्हणू,” त्या म्हणाल्या. “केविनसाठी.” त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं, चर्चचं सांगितलं, कधीही ये म्हणाल्या. फोन संपला. पुढचा कॉल आला, तो कुणाच्या तरी केटलचा होता.

का म्हणालो हो? अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नोकरी गेली असती, ग्राहकाशी असं बोलणं नियमात नव्हतं. खोटं आहे. मी हो म्हणालो कारण माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आडनाव विचारलं होतं आणि ते ऐकून जवळ आलं होतं. मला ते सोडवलं नाही. ते माझं नव्हतं, हे माहीत असूनही सोडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंकल गॅलरीत दाढी करत होते. मी जोसेफचा, जोसेफ ह्यूचा. मी मान खाली घालून त्यांच्यामागून गेलो. सांगायचं तर आधी नाव चोरल्याचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर माझं नाव का टाकलं तेही. एक दिवस गेला, मग एक महिना. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटायला लागलं. वर्षभराने मी ती नोकरी सोडली, बँकेत लागलो. लग्न झालं, लालबागला भाड्याने राहायला गेलो. चाळ पडली, नवी इमारत उभी राहीपर्यंत आई माझ्याकडे आली आणि अंकल दूर कुठेतरी संक्रमण शिबिरात गेले. मी त्यांना तिथे दोन-तीनदाच भेटायला गेलो. प्रत्येक वेळी फळं नेली.

गेल्या वर्षी इमारत पुरी झाली. जुन्या भाडेकरूंना ताबा मिळाला. आईच्या नावाने बाराव्या मजल्यावर घर आलं, आणि त्याच मजल्यावर अंकलचं. आई तिथे राहायला गेली, आम्ही मात्र लालबागलाच, येऊन-जाऊन. आता त्यांचा कोट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसतो, काठी असते, पण आवाज तसाच. सोसायटीने दारावरच्या पाट्या एकसारख्या करायच्या ठरवल्या आणि आमच्या मजल्याची नावं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. आईने जुनी पितळी पाटी काढून दाखवली. “हीच लावणार. तुमची एकसारखी तुमच्यापाशी ठेवा.” ती अजून चिंचेनेच घासते.

मग दुपारी मी अंकलकडे गेलो.

“अंकल, पाटीवर काय लिहायचं? स्पेलिंग तुम्हीच द्या, नाहीतर पाटीवाला गल्लेकर करून आणेल.”

ते खिडकीशी बसले होते. नव्या खिडकीतून वखारी खूप खाली दिसतात.

“फ्लॅटचो नंबर लिही. पुरे.”

“आणि नाव?”

“नाव कशाक? हयसर माझ्यामागे कोण नाय. आणि थंयसर तर कोणाक आठवणच नाय. उगीच पितळ कित्याक फुकट घालवतंस?”

मी उभाच होतो. तो माणूस, ज्याने गोदीत, नळावर, रेशनच्या रांगेत ते नाव कधी खाली पडू दिलं नाही, तो ते आता माझ्यासमोर खाली ठेवत होता. आणि ते उचलून ठेवण्यासारखं आहे हे माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो.

मी खाली लादीवर बसलो आणि सगळं सांगितलं. केविनपासून. मशिनीपासून. चहापासूनही, कारण ते मधेच बाहेर आलं.

मी थांबल्यावर अंकलनी विचारलं, “होडी आसा?”

“तेव्हा होती.”

“कोंबड्यो त्यात?”

“हो. त्यांनी सांगितलं.”

“आणि काय म्हणत ते लोक? परत सांग.”

“आणि मुंबईला गेलेल्यासाठी.”

“मुंबयक गेलेल्यासाठी,” अंकल म्हणाले. चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला, परत लावला, परत काढला. “रागावलाय म्हणत होते? आमी रागावलो म्हणान?” आणि हसायला लागले. ते हसणं थांबेना. “अरे देवा. ते म्हणतत ह्यू रागावलो. आमी म्हणतो त्यांनी पुसल्यानी. शंभर वर्सां दोघांय गाल फुगवून बसलो!”

आणि मग एकदम चिडले. खरे चिडले. काठी जमिनीवर आपटली. “आणि केविन? केविन खंयसून इलो? आमच्या घराण्यात केविन नाय!” मी मान खाली घातली. “आडनाव न्हेलंस ता न्हेलंस, पोरा. मागितलं असतंस तर दिला असतंय. माझी माणसां कित्याक न्हेलंस?”

याचं कारण मी आधीच सांगून बसलो होतो. तरी परत म्हटलं, “आडनाव ऐकून कुणीतरी पहिल्यांदा खूश झालं होतं, अंकल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गॅलरीत ‘मोठ्याने घेऊ नका’ म्हटलं होतं तेव्हा बघितलं होतं तसंच. मग काठी टेकत उठले, ओट्यापाशी गेले. मी उठायला लागलो तर हातानेच बस म्हणाले. आधण ठेवलं, आलं ठेचलं, सावकाश, म्हाताऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ लावून. चहाचे दोन कप आणले. माझा आधी ठेवला.

“त्या गिरगावच्या छापखानेवाल्याचं आडनाव काय होतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“हूं,” ते म्हणाले. “त्या आडनावाचा अर्थ मला माहीत आहे. सांगणार नाही. सांगितला तर तू आठवडाभर खुशीत राहशील.”

आम्ही दोघेही हसलो. मला वाटतं एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी मोकळा हसलो तो तेव्हाच.

चर्चचं आणि गावाचं नाव माझ्या डोक्यात होतं, ते विसरण्याची मुभा मी स्वतःला दिली नव्हती. माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून चर्चचा फोन नंबर काढला. तिला गोष्ट सांगावी लागली. ती ऐकून तिने फक्त “बाबा!” म्हटलं, आणि मग आजीला सांगायला पळाली. आईने पाटी घासता घासता ऐकलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आता तुझ्या दारालाही एक लाव, लालबागला.” लावली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मुलीने चर्चला फोन लावला. त्यांनी कळवलं की होडीवालं घर त्यांना माहीत आहे, त्या बाईंच्या घरचे अजून तिथेच राहतात, आणि त्यांनी घरचा नंबर दिला. बाई आहेत की नाहीत हे आम्ही मुद्दाम विचारलं नाही. अंकल म्हणाले, ते घरच्यांकडूनच ऐकायचं. मुलगी म्हणाली, मी लावते फोन. अंकल नाही म्हणाले. मी विचारलं, चर्चमधले फादर बोलतील का? तेही नाही. “त्या घरचे केविनला ओळखतात. केविननंच फोन करायचा. आधी केविन नाही म्हणून सांगायचं, मग तू कोण ते सांगायचं. तुझं नाव, बापाचं नाव, आडनाव. मोठ्याने. जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.”

“आणि मग?”

“मग माझ्याकडे दे. माझं मी बघतो.”

तेव्हापासून ते तयारी करतायत. आता गॅलरी नाही, बाथरूमच्या आरशासमोर दाढी करतात, पण दार उघडं ठेवून. मी जोसेफचा, जोसेफ ह्यूचा. बाराव्या मजल्यावरची नवी शेजारची पोरं दारात उभी राहून नक्कल करतात आणि अंकल आतून ओरडतात, “मेल्यांनो, पणज्याचो नाव सांगा!” त्यांच्या पाटीवर आता अख्खी साखळी आहे, शेवटी आडनाव, मुक्या ‘जी’सकट. पाटीवाला म्हणाला, काका, हे दारात मावणार नाही. अंकल म्हणाले, मग आडवं दार कर. शेवटी दोन ओळींत बसवलं.

रंगाच्या डब्यांतल्या बटाट्यांना नव्या घरात ऊन चांगलं मिळतं. परवा त्यांनी एक डबा उकरून मला सुपारीएवढा बटाटा दाखवला. आयुष्यातला पहिला. तो त्यांनी फडताळात, आरशाच्या मागे ठेवलाय. फोन झाल्यावर उकडायचा म्हणतात.

फोन येत्या रविवारी लावायचा आहे, तिकडची चर्चमधली सकाळची प्रार्थना आटोपली की. दोनदा ठरवून मी दोनदा पुढे ढकललाय, हेही सांगतो. मी अजून देणं लागतो ते एवढंच: त्या घरी फोन करून सांगायचं की केविन नव्हता, मग माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव आणि आमचं आडनाव मोठ्याने सांगायचं, आणि फोन अंकलच्या हातात द्यायचा.